आमदारांची मुदत: पाच वर्षे कुठून आली आणि ती बदलायची तर कोणी, कधी

महाराष्ट्राच्या चौदाव्या विधानसभेसाठी २१ ऑक्टोबर २०१९ रोजी मतदान झाले आणि २४ ऑक्टोबरला निकाल लागले. पण त्या विधानसभेची पाच वर्षे मोजायला सुरुवात झाली ती थेट २७ नोव्हेंबरला. मधल्या काळात राष्ट्रपती राजवट लागली आणि उठली, भल्या पहाटे एक शपथविधी उरकला गेला, ते सरकार चार दिवसांतच पायउतार झाले आणि मग २७ नोव्हेंबरला हंगामी अध्यक्षांसमोर आमदारांनी शपथ घेतली. निवडून आलेला उमेदवार निकालाच्या दिवसापासूनच आमदार म्हणून मिरवत असला, तरी राज्यघटनेच्या अनुच्छेद १७२ नुसार विधानसभेची मुदत पहिल्या बैठकीसाठी ठरवलेल्या तारखेपासून धरली जाते. त्यामुळेच २०२४ साली सगळ्यांच्या तोंडी ‘२६ नोव्हेंबर’ ही तारीख होती. पंधराव्या विधानसभेची पहिली बैठक ७ डिसेंबर २०२४ रोजी भरली, म्हणजे मध्ये विसर्जन झाले नाही तर ती ६ डिसेंबर २०२९ पर्यंत चालेल.

या हिशेबातून पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी, की आपण ‘आमदाराची मुदत’ म्हणतो ती खरे तर आमदाराची नसतेच, ती सभागृहाची असते. सभागृह संपले की सगळ्यांची आमदारकी एकदम संपते, मग कोणी पाच वर्षे काढलेली असोत किंवा पोटनिवडणुकीतून येऊन जेमतेम वर्षभर. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्याला नवी पाच वर्षे मिळत नाहीत, फक्त उरलेला काळ मिळतो. आणि तो उरलेला काळ एक वर्षापेक्षा कमी असेल, तर लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार पोटनिवडणूक घेण्याचे बंधन राहत नाही. अकोला पश्चिम मतदारसंघात हेच घडले. तिथली जागा नोव्हेंबर २०२३ मध्ये आमदारांच्या निधनाने रिकामी झाली, निवडणूक आयोगाने मार्च २०२४ मध्ये पोटनिवडणूक जाहीर केली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द ठरवली, कारण नव्या आमदाराला एक वर्षही मिळणार नव्हते. एका वर्षापेक्षा कमी काळासाठी मतदारांना रांगेत उभे करू नये, हा त्यामागचा साधा विचार आहे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

विधान परिषदेची गोष्ट निराळी. ती कधीच विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि प्रत्येकाला सहा वर्षे मिळतात. या लेखाचा विषय विधानसभा आहे, म्हणून परिषदेला इथेच सोडू.

आता पाच हा आकडा आला कुठून? १९१९ च्या कायद्याने प्रांतांमध्ये जी विधिमंडळे आली, त्यांची मुदत तीन वर्षांची होती आणि ती वाढवण्याचा अधिकार गव्हर्नरकडे होता. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभांना पाच वर्षे दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९२७ पासून तीन वर्षांच्या मुंबई कौन्सिलात नियुक्त सदस्य होते आणि १९३७ साली पाच वर्षांच्या मुंबई विधानसभेवर निवडून आले होते, म्हणजे दोन्ही पद्धती त्यांनी आतून पाहिल्या होत्या. मात्र १९३७ च्या त्या विधानसभेनंतर पुढची निवडणूक झाली ती थेट १९४६ साली, कारण १९३९ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर गव्हर्नरांनी कारभार हाती घेतला आणि महायुद्ध संपेपर्यंत मतदारांकडे कोणी फिरकले नाही. कायद्यात पाच वर्षे लिहिलेली असणे आणि पाच वर्षांनी प्रत्यक्ष मतदान होणे, यांत इतके अंतर पडू शकते.

घटनेचा मसुदा मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी शासनाच्या जबाबदारीची तपासणी दोन प्रकारे होते असे सांगितले होते. एक रोजची: सभागृहातले प्रश्न, ठराव, अविश्वास प्रस्ताव, चर्चा यांतून लोकप्रतिनिधी सरकारला धारेवर धरतात. दुसरी ठरावीक काळाने होणारी: मतदार निवडणुकीत करतो ती, पाच वर्षांनी किंवा त्याआधी. अमेरिकी पद्धतीत रोजची तपासणी नाही, आपण ती स्वीकारतो आहोत, आणि सरकारच्या स्थैर्यापेक्षा त्याच्या जबाबदारीला आपण अधिक महत्त्व देतो आहोत, असा त्यांचा युक्तिवाद होता. मुदत बदलण्याच्या कोणत्याही प्रस्तावाकडे पाहताना ही दोन तपासण्यांची विभागणी फार कामाची ठरते. मुदत वाढवली की मतदाराची तपासणी लांबते. मुदत पूर्ण होण्याआधी सरकार पाडणे अवघड किंवा निरर्थक केले, की सभागृहाची तपासणी बोथट होते.

घटनेने विधानसभेला पाच वर्षे दिली ती कमाल मर्यादा म्हणून. किमान किती, हे कुठेच लिहिलेले नाही. महाराष्ट्रातच १९७८ च्या फेब्रुवारीत निवडून आलेली विधानसभा दोनच वर्षे टिकली, १९८० च्या फेब्रुवारीत शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झाले आणि पुन्हा निवडणूक झाली. मुदत वाढवण्याची मूळ तरतूद एकच आहे: आणीबाणीची उद्घोषणा लागू असेल, तर संसद कायदा करून एका वेळी एक वर्ष मुदत वाढवू शकते, आणि उद्घोषणा उठल्यावर सहा महिन्यांपलीकडे ती वाढ चालत नाही. केरळमध्ये १९७० साली निवडून आलेली विधानसभा याच मार्गाने वाढत वाढत १९७७ पर्यंत चालली.

पण आणीबाणीतला मोठा बदल वेगळाच होता. १९७६ साली संमत झालेल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभा या दोन्हींची मुदत पाचावरून सहा वर्षे केली. मुळात सहा वर्षे ही कल्पना काही अघोरी नव्हती. खटकण्यासारखी गोष्ट दुसरी होती: ही वाढ पुढे निवडून येणाऱ्या सभागृहांपुरती न ठेवता त्या वेळी अस्तित्वात असलेल्या सभागृहांनाही लागू केली गेली. पाच वर्षांच्या करारावर राहायला आलेल्या भाडेकरूने घरमालकाला न विचारता स्वतःच सहावे वर्ष लिहून घ्यावे, तसा हा प्रकार होता. शिवाय विरोधी पक्षांचे कितीतरी नेते तेव्हा तुरुंगात होते.

त्याआधीच, म्हणजे १९७६ च्या मार्चमध्ये, पाचव्या लोकसभेची पाच वर्षे पुरी झाली होती आणि आणीबाणीच्या तरतुदीखाली कायदा करून तिला मुदतवाढ देण्यात आली होती. पुण्यात जन्मलेले आणि बिहारमधल्या बांका मतदारसंघातून निवडून गेलेले मधु लिमये त्या वेळी मध्य प्रदेशातल्या तुरुंगात होते. मतदारांनी आपल्याला दिलेला काळ संपला, त्यापुढे खासदार म्हणून राहण्याचा आपल्याला अधिकार नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. जबलपूरचे तरुण खासदार शरद यादव यांनीही तेच केले. पाचशेहून अधिक सदस्य असलेल्या सभागृहात या मुद्द्यावर सदस्यत्व सोडणारे लोक बोटांवर मोजण्याइतकेच निघाले, हे इथे नोंदवून ठेवावेसे वाटते.

महाराष्ट्राला या सहाव्या वर्षाचा अनुभव प्रत्यक्ष आला, आणि तो आजच्या फारशा लोकांच्या लक्षात नाही. १९७२ च्या मार्चमध्ये निवडून आलेल्या विधानसभेची पाच वर्षे मार्च १९७७ मध्ये संपत होती, पण निवडणूक झाली फेब्रुवारी १९७८ मध्ये. वसंतदादा पाटील पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले ते १७ मे १९७७ रोजी, शंकरराव चव्हाणांच्या जागी. म्हणजे वसंतदादांची पहिली मुख्यमंत्रिपदाची कारकीर्द मुळी त्या वाढवून मिळालेल्या वर्षातच सुरू झाली. ज्या सभागृहाच्या पाठिंब्यावर ते बसले, त्याला मतदारांनी दिलेली मुदत तोवर उलटून गेली होती. केंद्रात जनता पक्ष आल्यावर ३० एप्रिल १९७७ च्या सुमारास नऊ राज्यांतल्या काँग्रेस सरकारांना घरी पाठवून तिथल्या विधानसभा विसर्जित करण्यात आल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. पण ती नऊ राज्ये म्हणजे उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, पश्चिम बंगाल अशी, जिथे लोकसभेला काँग्रेसचा धुव्वा उडाला होता. महाराष्ट्रात काँग्रेसने ४८ पैकी २० जागा राखल्या होत्या, त्यामुळे महाराष्ट्र त्या यादीत नव्हता आणि इथले आमदार सहाव्या वर्षातही आमदार राहिले.

पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणली. जम्मू-काश्मीर तेवढे अपवाद ठरले. तिथे स्वतंत्र राज्यघटना होती, सहा वर्षांचा बदल तिथे स्वीकारला गेला आणि परतीचा बदल मात्र स्वीकारला गेला नाही. त्यामुळे २००२ ची विधानसभा २००८ पर्यंत आणि २००८ ची २०१४ पर्यंत चालली. २०१९ च्या पुनर्रचनेनंतर तिथेही पाच वर्षे झाली.

जगात इतरत्र हे आकडे बरेच वेगवेगळे आहेत. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत कनिष्ठ सभागृहाची मुदत फक्त दोन वर्षांची असते. कनिष्ठ सभागृहाला चार वर्षे देणारी राज्ये आलाबामा, लुइझियाना, मेरीलँड, मिसिसिपी आणि नॉर्थ डकोटा एवढीच. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी मतदाराला तर आपल्या राज्याच्या सिनेटरसाठी दशकात एकदा दोन वर्षांची आणि दोनदा चार वर्षांची मुदत पाहायला मिळते, कारण जनगणनेनंतर मतदारसंघ नव्याने आखले जातात आणि त्यांच्याशी मेळ घालायचा असतो. पण आकड्यापेक्षा बदलाची रीत पाहण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची होती. ती ठरलेल्या चार वर्षांची करावी का, हा प्रश्न मार्च २०१६ मध्ये जनमत घेऊन लोकांसमोर ठेवला गेला, लोकांनी होकार दिला, आणि तरीही नवी मुदत सुरू झाली ती २०२० च्या निवडणुकीपासून. ज्यांनी हा ठराव केला त्या आमदारांना स्वतःला त्यातून एक दिवसही वाढवून मिळाला नाही. उलट जर्मनीतल्या ब्रेमेन राज्यात २०१७ साली चाराची पाच वर्षे करण्याचा प्रस्ताव लोकांसमोर गेला आणि लोकांनी तो फेटाळला. तिथे आजही चारच वर्षे आहेत.

मुदत वाढवावी म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. पहिले वर्ष खाती समजून घेण्यात जाते, शेवटचे वर्ष निवडणुकीच्या सावटात जाते, आणि मधल्या काळात लोकसभा, महापालिका, जिल्हा परिषदा यांच्या आचारसंहिता येत-जात राहतात. महाराष्ट्राचे २०२४ साल पाहा. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होती, विधानसभेची १५ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. या दोन आचारसंहितांच्या मधल्या फटीत, २८ जूनच्या अर्थसंकल्पात, महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये पैसे खात्यांत पडूही लागले. एकीकडे सरकारी कामे खोळंबतात, दुसरीकडे त्याच निवडणुकीच्या धाकाने सरकार कधी नव्हे एवढ्या वेगाने हलते. या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात दिसल्या. त्यामुळे वारंवार निवडणुका म्हणजे नुसता खोळंबा, हे म्हणणे मला अर्धेच पटते.

सध्याचा वाद मात्र मुदत वाढवण्याचा नाही, छाटण्याचा आहे. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने १४ मार्च २०२४ रोजी दिलेल्या अहवालानंतर केंद्र सरकारने १२९ वे घटनादुरुस्ती विधेयक आणले. १७ डिसेंबर २०२४ रोजी ते लोकसभेत मांडण्यासाठी झालेल्या मतदानात बाजूने २६९ आणि विरोधात १९८ मते पडली आणि ते संयुक्त संसदीय समितीकडे गेले. ‘एक देश, एक निवडणूक’ या नावाखाली त्याची चर्चा होते, पण त्याच्या पोटात दडलेली गोष्ट म्हणजे आमदारांच्या मुदतीची नवी व्याख्या आहे.

ती अशी. सार्वत्रिक निवडणुकीनंतर लोकसभेच्या पहिल्या बैठकीच्या दिवशी राष्ट्रपती अधिसूचना काढतील आणि तो ‘नियत दिनांक’ ठरेल. त्या तारखेनंतर जी जी विधानसभा निवडून येईल, तिची मुदत त्या लोकसभेबरोबर संपेल, मग तिची पाच वर्षे झालेली असोत वा नसोत. त्यानंतर एखादी विधानसभा मध्येच विसर्जित झाली, तर नवी विधानसभा निवडली जाईल ती फक्त उरलेल्या काळासाठी. पोटनिवडणुकीत आज एका आमदाराला जो नियम लागू आहे, तोच उद्या अख्ख्या सभागृहाला लागू होईल, असे म्हटले तरी चालेल.

तारखा घालून पाहिल्या की चित्र स्पष्ट होते. सध्याच्या लोकसभेची पहिली बैठक २४ जून २०२४ रोजी झाली, त्यामुळे नियत दिनांक लवकरात लवकर २०२९ च्या जूनमध्ये येऊ शकतो आणि सगळ्यांची एकत्र निवडणूक २०३४ च्या उन्हाळ्यात. महाराष्ट्राची पुढची विधानसभा २०२९ च्या अखेरीस येईल, तिला साडेचार वर्षे मिळतील. म्हणजे आपल्याकडे फरक फक्त सहा महिन्यांचा. गोव्यात मात्र २०२२, २०२७ असा क्रम धरला तर २०३२ च्या सुरुवातीला निवडून येणाऱ्या विधानसभेला सव्वादोन वर्षांच्या आसपास मिळतील. कर्नाटकात २०३३ च्या मे महिन्यात येणाऱ्या विधानसभेला जेमतेम वर्ष. आणि शेजारच्या मध्य प्रदेश, छत्तीसगड व तेलंगणात, जिथे २०३३ च्या अखेरीस मतदान होईल, तिथे सुमारे सहा महिने. हा सगळा हिशेब मध्ये कुठेही विसर्जन होणार नाही असे धरून केलेला आहे.

या विधेयकाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: ४२ व्या घटनादुरुस्तीने केला तसा उघड अन्याय ते करत नाही. आज बसलेल्या एकाही आमदाराची मुदत ते वाढवत नाही की घटवत नाही, आणि २०३२ साली गोव्याचा मतदार मत देईल तेव्हा आपण सव्वादोन वर्षांसाठी मत देत आहोत हे त्याला ठाऊक असेल. मुदतबदलाची माझ्या दृष्टीने जी पहिली कसोटी आहे, म्हणजे मत देताना मतदाराला काळ माहीत असावा आणि बदल करणाऱ्याला स्वतःला त्याचा लाभ नसावा, ती बऱ्याच अंशी इथे पाळली जाते.

अडचण दुसऱ्या कसोटीची आहे. अनुच्छेद १७२ बदलायला संसदेत विशेष बहुमत लागते, म्हणजे एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश. पण निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी मान्यता द्यावी, अशी अट ज्या तरतुदींना आहे त्या यादीत हा अनुच्छेद येत नाही, आणि म्हणून राज्यांच्या मंजुरीची गरज नाही, असे कोविंद समितीचे म्हणणे आहे. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेलही. तरीसुद्धा एखाद्या राज्याचे सभागृह किती काळ टिकावे हे दिल्लीतल्या सभागृहाच्या तारखेवरून ठरावे आणि त्याबद्दल त्या राज्याला विचारायचीही गरज पडू नये, हे संघराज्यात पचायला जड जाते. तामिळनाडू आणि केरळ या राज्यांच्या विधानसभांनी २०२४ मध्ये विरोधाचे ठराव केले ते याच कारणाने. लोकसभा आधी कोसळली तर काय, याचे उत्तर विधेयकात आहे: नवी लोकसभाही उरलेल्या काळापुरतीच येईल आणि राज्यांच्या तारखा हलणार नाहीत. पण राज्यातले सरकार दोन वर्षे उरलेली असताना पडले तर ‘उरलेल्या दोन वर्षांसाठी कशाला निवडणूक’ म्हणत फुटीरांना जवळ करून सरकार तसेच ओढत नेण्याचा मोह वाढेल, ही भीती फोडाफोडी पाहिलेल्या महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि आता अकोला पश्चिम. एका आमदारासाठी वर्षभराहून कमी काळ उरला असेल तर पोटनिवडणुकीचे बंधन नाही, असे आपला कायदा म्हणतो. पण मांडलेल्या मसुद्यात अख्ख्या विधानसभेसाठी अशी कोणतीही किमान मुदत नाही. मध्य प्रदेशात सहा महिन्यांसाठी २३० आमदार निवडायचे का? न निवडता राष्ट्रपती राजवट लावली तर सहा महिने मतदारांचा आवाजच राहणार नाही. जुन्या विधानसभेला २०३३ मध्ये सहा महिने वाढवून दिले तर १९७६ ची चूक लहान आकारात पुन्हा होईल. एक मार्ग उरतो, आणि तो मला त्यातल्या त्यात रास्त वाटतो: मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, राजस्थान इथे २०२८ च्या अखेरीस मतदान होण्याआधीच कायद्यात लिहून ठेवावे, की तेव्हा निवडून येणारी विधानसभा साडेपाच वर्षांची असेल. मतदारांना ते माहीत असेल, उमेदवारांनाही. पण त्यासाठी घटनादुरुस्ती २०२८ च्या त्या निवडणुकांआधी पूर्ण व्हावी लागेल, आणि विधेयकातला नियत दिनांक तर २०२९ च्या आधी येऊच शकत नाही.